बाटलीपेक्षा वाटी बरी

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जीव मुठीत घेऊन लंडनला पळालेल्या उमरावांमध्ये दाल्बिन्याक नावाचा एक गृहस्थ होता. खिसा रिकामा, पण जिभेची समज शाबूत. एकदा तो लंडनच्या एका नामांकित खाणावळीत जेवत होता. शेजारच्या टेबलावरच्या श्रीमंत तरुणांपैकी एकानं येऊन अदबीनं विचारलं, की फ्रेंच लोक सॅलड कालवण्यात वाकबगार असतात म्हणे, तर आमचंही कालवून द्याल का? त्यानं दिलं आणि हातावर पाच पौंडांची नोट पडली. बातमी बड्या घरांत पसरायला वेळ लागला नाही. थोड्याच दिवसांत हा माणूस घोडागाडीतून या हवेलीतून त्या हवेलीत सॅलड कालवत फिरू लागला. बरोबर नोकर आणि नोकराच्या हातात महोगनी लाकडाची पेटी. पेटीत सुगंधी व्हिनेगर, निरनिराळी तेलं, सोया सॉस, अँचोवी मासे, अंड्याचे बलक. पुढं त्यानं तशाच पेट्या बनवून शेकड्यांनी विकल्या आणि ऐंशी हजार फ्रँकांवर माया जमवून तो मायदेशी परतला. ब्रिया-साव्हाराँ या खवय्या न्यायाधीशानं १८२५ मध्ये निघालेल्या आपल्या पुस्तकात हा किस्सा नोंदवून ठेवला आहे.

पेटीत कुठलंही गुपित नव्हतं. तेल, आंबट, मीठ आणि थोडं काही तिखट-खमंग, एवढ्यावर त्याचा धंदा चालला. लंडनकरांना हे जिन्नस मिळत नव्हते अशातलाही भाग नाही. ते एकत्र करायचा आत्मविश्वास तेवढा नव्हता.

आज तीच पेटी प्लास्टिकच्या बाटलीतून पुण्या-मुंबईच्या फ्रिजमध्ये येऊन बसली आहे. मॉलच्या फळीवर आणि दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवर रँच, सीझर, थाउजंड आयलंड, हनी मस्टर्ड अशी रांग लागलेली असते. घरात कुणी वजन कमी करायचं मनावर घेतलं, की आधी आइसबर्ग लेट्यूसचा गड्डा येतो आणि त्याच्या मागोमाग ही बाटली. गड्डा दोन-चार दिवसांत संपतो किंवा सडतो. बाटली महिनोन्महिने दारात उभी राहते, झाकणाशी घट्ट पापुद्रा धरून. ही बाटली कुणाच्याच घरात अत्यावश्यक नाही. जिथं लिंबू, दाण्याचा कूट आणि तेलाचा डबा हाताशी असतो, अशा मराठी स्वयंपाकघरात तर तिचं काहीच काम नाही.

गंमत अशी, की जगातल्या नावाजलेल्या बाटल्यांचं माहेर घरगुतीच आहे. सीझर सॅलडचं नाव रोमच्या सीझरवरून पडलेलं नाही. ते सीझर कार्डिनी या इटालियन माणसाचं. अमेरिकेत दारूबंदी होती, म्हणून त्यानं सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात रेस्टॉरंट थाटलं होतं. ४ जुलै १९२४ च्या सुट्टीला गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, कोठारातलं सामान संपत आलं, तेव्हा उरल्यासुरल्या जिनसांतून त्यानं गिऱ्हाइकांच्या टेबलापाशीच उभं राहून हे सॅलड कालवलं, असं त्याची मुलगी रोझा सांगत असे. या श्रेयावर त्याच्या भावानंही हक्क सांगितला होता, ते असो. पुढं लॉस एंजेलिसला गेल्यावर बापलेकींनी ते ड्रेसिंग बाटल्यांत भरून विकायला काढलं.

रँचची कथा याहून बोलकी. स्टीव्ह हेन्सन हा अलास्कात प्लंबिंगची कामं घेणारा माणूस. हाताखालच्या लोकांचं जेवण तोच रांधायचा, आणि त्यांच्यासाठी त्यानं ताक, मेयोनीज, लसूण-कांदा आणि पाल्याचं एक ड्रेसिंग जमवलं. १९५४ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बाराजवळ पाहुण्यांसाठी एक रँच घेतली. पाहुणे जाताना बरणी भरून मागू लागले. बरणी टपालानं जाईना, म्हणून कोरड्या मसाल्याची पुडी निघाली. ताक आणि मेयोनीज गिऱ्हाइकानं आपल्या घरचं घालायचं. १९७२ मध्ये कपड्यांचं ब्लीच बनवणाऱ्या क्लोरॉक्स कंपनीनं हा धंदा ऐंशी लाख डॉलरना घेतला, आणि फ्रिजबाहेर टिकणारी तयार बाटली बाजारात यायला १९८३ साल उजाडावं लागलं. मधली सगळी वर्षं अडसर होता तो ताकाचा. ताजं ताक फळीवर टिकत नाही.

तिसरा पॉल न्यूमन, हॉलिवूडचा नट. १९८० च्या नाताळात तो आणि त्याचा लेखक मित्र ए. ई. हॉचनर यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेट द्यायला टबभर ड्रेसिंग केलं, ते होडीच्या वल्ह्यानं ढवळलं आणि दारूच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. १९८२ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. तिचा सगळा नफा दानधर्माला जातो, आणि आजवर ती रक्कम पन्नास कोटी डॉलरच्या पुढं गेली आहे. बाटलीबद्दल एक बरा शब्द लिहायचा तर तो इथं.

पण वाटीतलं ड्रेसिंग आणि फळीवरचं ड्रेसिंग यांची गरजच वेगळी. वाटीतल्यानं दहा मिनिटं टिकलं तरी पुष्कळ. बाटलीनं सहा-आठ महिने न फाटता, न आंबता, ट्रकमधल्या उन्हाळ्यात उभं राहायचं असतं. भारतातल्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. ती बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचावीत. बऱ्याच बाटल्यांवर पहिल्या तीन-चार जागा पाणी, रिफाइंड सोयाबीन तेल आणि साखर यांनी अडवलेल्या दिसतात. लेबलाच्या दर्शनी भागावर ज्या ऑलिव्हचं किंवा मधाचं चित्र असतं, तो बिचारा यादीत बराच खाली सापडतो. दाटपणा येतो झँथन गमनं. अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या चमूनं तो शोधला आणि १९६९ मध्ये तिथं त्याला खाद्यपदार्थांत परवानगी मिळाली. कोबीवर काळी कूज आणणारा जो जिवाणू असतो, त्याच्याचकडून हा गम बनवून घेतात. यात बिचकण्यासारखं काही नाही, गम निर्धोक आहे. तेल आणि पाणी महिनोन्महिने बांधून ठेवायचं, तर असलं काहीतरी लागणारच. प्रश्न एवढाच, की ज्याला रात्रीच्या जेवणाला चार माणसांपुरतं सॅलड करायचं आहे, त्यानं या टिकाऊपणाचे पैसे का मोजावेत?

त्यातही 'फॅट-फ्री' बाटली ही सगळ्यांत मोठी फसगत. लोक ती मोठ्या निग्रहानं घेतात. गाजरातलं बीटा-कॅरोटिन, टोमॅटोतलं लायकोपिन ही रंगद्रव्यं तेलात विरघळणारी आहेत. सोबत स्निग्ध पदार्थ नसला, तर ती पोटातून रक्तात जाणार कशी? आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं. एकच सॅलड, पण ड्रेसिंगमध्ये कधी शून्य, कधी ६ तर कधी २८ ग्रॅम तेल. तेल नसलेल्या सॅलडमधून कॅरोटिनॉइड रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत. तेल वाढलं तशी उतरली. प्रयोग जेमतेम सात जणांवरचा होता, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. पण २०१७ मध्ये त्याच विद्यापीठानं सोयाबीन तेल घेऊन केलेल्या पाहणीतही कल तोच निघाला. म्हणजे महागाच्या लाल सिमला मिरच्या आणायच्या आणि त्यांच्यावर तेल चुकवणारी बाटली ओतायची, हा उद्योग दोन्हीकडून तोट्याचा. चमचाभर तेल घालावं. ताटभर पाल्याला चमचाभर तेल म्हणजे काही तळण नव्हे.

आता करायचं कसं? इंग्लंडच्या जॉन एव्हलिननं १६९९ मध्ये फक्त सॅलडवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि तीन भाग ऑलिव्ह तेलाला एक भाग व्हिनेगर किंवा लिंबू, असं प्रमाण दिलं. फ्रेंच व्हिनेग्रेत अजून साधारण त्याच मापानं चालतं. मराठी जिभेला मात्र ते तेलकट लागतं, आणि त्यात जिभेची चूक नाही. आपली काकडी, कोबी, मुळा हे रसदार आणि जाड. त्यांना कोवळ्या लेट्यूसइतकं तेल सोसत नाही. दोनास एक, कधी एकास एक, हे आपलं माप. प्रमाणापेक्षा क्रम महत्त्वाचा. मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून आधी वाटीत लिंबू पिळावं, त्यात मीठ आणि हवी तर किंचित साखर पूर्ण विरघळू द्यावी, मग तेल. उलट केलं, की मिठाचे खडे तळाशी बसतात आणि एका घासाला अळणी, दुसऱ्याला खारट अशी गत होते.

तेल आणि लिंबाचा रस फेटला, की दोघं क्षणभर एकजीव होतात आणि पाठ फिरली की वेगळे. त्यांना थोडा वेळ धरून ठेवायचं काम फ्रान्समध्ये मोहरी करते. मोहरीच्या सालीत एक चिकट, डिंकासारखा पदार्थ असतो. तो तेलाचे बारीक थेंब पुन्हा एकमेकांना मिळू देत नाही. डिजॉनच्या प्रसिद्ध मोहरीसाठी आज बहुतेक करून जे बी वापरतात, ते आपल्या फोडणीतल्या मोहरीच्याच जातीचं, आणि ते येतं प्रामुख्यानं कॅनडातून. २०२१ मध्ये कॅनडात दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्समधल्या दुकानांतून मोहरीच्या बरण्या गायब झाल्या. काही दुकानांनी माणशी एकच बरणी अशी पाटी लावली. व्हिनेग्रेतवाचून जेवण न जाणाऱ्या देशाची तारांबळ उडाली.

आपल्याकडे ही बरणी आणायची गरज नाही, कारण मोहरी फेसता येते. लोणच्यासाठी, केळ्याच्या कोशिंबिरीसाठी आज्या-पणज्या फेसायच्याच. चमचाभर मोहरी थोड्या पाण्याबरोबर पाट्यावर किंवा छोट्या मिक्सरमध्ये फेस येईतो वाटायची. झाकण काढल्यावर झणका थेट नाकातून डोक्यात गेला पाहिजे, तरच ती फेसली म्हणायची. एक खुबी लक्षात ठेवावी. हा झणका पाणी लागल्यावर बियांमधलं एंझाइम जागं होऊन तयार होतो आणि आंबटामुळे ते काम मंदावतं. म्हणून आधी पाण्यात फेसून पाचेक मिनिटं थांबायचं, लिंबू नंतर. आधीच लिंबू पिळलं, तर मोहरी मिळमिळीत राहते. ही फेसलेली मोहरी पाव चमचा, एका लिंबाचा रस, मीठ, बोटभर गूळ आणि दोन चमचे तेल, हे सगळं जॅमच्या रिकाम्या बाटलीत घालून खळखळून हलवलं, की डिजॉनला हात जोडायला नकोत.

'आपल्या लोकांना कच्च्या तेलाची सवय नाही' असं पाककृतीच्या कार्यक्रमांतून ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यानं सोलापूर-मराठवाड्याकडे कधी घोळाणा खाल्लेला नसावा. कोवळी मेथी किंवा करडईचा पाला निवडून, धुऊन, कोरडा करून बारीक चिरतात. त्यात कांदा, दाण्याचा कूट, लाल तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. हातानं हलक्यानं घोळायचं आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर तिथल्या तिथं संपवायचं. मेथीचा कडवटपणा तेलानं बोथट होतो, कूट तेल शोषून पानाला चिकटून राहतो. ड्रेसिंग पानावर टिकवायला जे दुसरीकडे चीजचा कीस करतो, ते इथं कूट करतो. शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार धरणारा प्रदेश आहे हा. तिथं कच्च्या तेलाची ओळख करून द्यायला इटलीहून कुणी यायला नको.

खमंग काकडीही पाहावी. काकडी तळहातावर धरून सुरीनं चोचवायची, मीठ लावून ठेवायची, सुटलेलं पाणी पिळून टाकायचं. मग कूट, साखर, लिंबू आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. ते पाणी पिळलं नाही, तर कोशिंबिरीचं सार होतं. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं, म्हणून लेट्यूसवरही ड्रेसिंग अगदी पानावर बसायच्या वेळी घालायचं असतं. अर्धा तास आधी कालवून फ्रिजमध्ये ठेवलेलं सॅलड म्हणजे मरगळलेला पालाच. आणि पानं कोरडी हवीत, नाहीतर ड्रेसिंग पाण्यावरून घसरून ताटलीच्या तळाशी जमतं. जुन्या सुती पंचात पाला बांधून झटकला, की काम झालं. प्लास्टिकची 'सॅलड स्पिनर' घ्यायची हौस असेल त्यानं घ्यावी.

तेलाचं म्हणाल, तर ऑलिव्हशी कुणाचं वैर नाही. भूमध्य समुद्राकाठी ते पिकतं, तिथं ते घरचं. चांगलं मिळालं आणि परवडलं तर जरूर वापरावं. पण परदेशी डब्याच्या दबावाखाली घाण्याचं शेंगदाणा तेल बाजूला पडू नये. त्याचा वास कच्चा खातानाच खुलतो, फक्त घाणेवाला शेंगा निवडून घेतो का, बुरशी आलेले दाणे टाकतो का, हे बघून तेल घ्यावं. करडईचं तेल तर सॅलडसाठीच जणू. ते फ्रिजमध्ये गोठत नाही, आणि याच गुणासाठी अमेरिकेत ते सॅलडचं तेल म्हणून खपलं. इथं सोलापूर-मराठवाड्यात करडईचं क्षेत्र आटत चाललं आहे. खोबरेल मात्र पंचवीस अंशांखाली थिजतं, तेव्हा फ्रिजमधल्या कोशिंबिरीत त्याच्या पांढऱ्या कण्या होतात. जवसाचं तेल लवकर खवट होतं. ते लहान बाटलीत घ्यावं आणि तापवू नये.

आंबटाच्या बाबतीत तर हा मुलूख श्रीमंत. लिंबू आहे, कैरी आहे, चिंच आहे, कोकणात कोकमाचं आगळ आहे. आगळात मीठ असतंच, त्यामुळे वेगळं घालण्याआधी चाखावं. बारीक चिरलेल्या कोबीवर आगळ आणि शेंगदाणा तेल घातलं, तर रंगच असा येतो, की पाहुणे आधी नाव विचारतात. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर कांदा-टोमॅटोच्या सॅलडवर पडतं. चायनीजच्या गाडीवर मिरच्या बुडवून ठेवलेलं ते पांढरं स्वच्छ पाणी वेगळं. ते बहुतेकदा ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेलं कृत्रिम व्हिनेगर असतं आणि तसं लेबलावर छापणं बंधनकारक आहे. नुसतं आंबट हवं असेल तर तेही चालेल. चव हवी असेल तर आंबवून केलेलं घ्यावं.

कालवायचं भांडं कुठलं, यावरही एव्हलिनबोवांचं मत आहे. चिनी मातीचं किंवा डेल्फ्टचं. कथील आणि चांदी तेल-व्हिनेगरला मानवत नाहीत, असं तो बजावतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, हे ज्या घरात ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

घरचं म्हणजे आपोआप सुरक्षित, हा मात्र भाबडेपणा. कच्ची लसूण तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर ठेवायची आणि महिनाभर वापरायची, ही रीत इंटरनेटवर फार देखणी दिसते. लसणीबरोबर मातीतले बोट्युलिझमचे जिवाणू येऊ शकतात. तेलाखाली हवा नसते, आंबट नसतं, आणि नेमक्या अशाच जागी ते विष तयार करतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये अशा लसूणतेलातून छत्तीस माणसांना विषबाधा झाली होती. लसूण हवी तर त्या वेळेपुरती ठेचून घ्यावी, उरलं तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं.

कच्च्या अंड्याचंही तसंच. विषबाधेच्या घटनांनंतर तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. तेव्हा सीझरची हौस भागवायची, तर कच्च्या बलकाचा हट्ट सोडावा. एव्हलिन तीनशे वर्षांपूर्वीही उकडलेल्या अंड्याचा बलकच मोहरी, तेल आणि व्हिनेगरमध्ये कुस्करायचा, आणि ते अजून छान जमतं. अंडं चालत नसेल त्या घरी दही फडक्यात टांगून चक्का करावा. त्यात लसणीची एक पाकळी, मिरपूड, लिंबू, चमचाभर तेल आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर घालून पातळ ताकानं सैल केलं, की ते हेन्सनच्या रँचच्या फार दूर नाही. त्यात थोडं ताक जास्त पडलं, तर काकडी-मुळ्यावर ओतावं. घट्ट राहिलं, तर भाकरीला लावावं.